ठिपकीचं अंडं अडकलं तेव्हा

कोंबडी आजारी पडली की आधी ती आजार लपवते. गाय हंबरते, कुत्रं कण्हतं. कोंबडी मात्र बाकीच्यांच्या घोळक्यात उभी राहून दाणे टिपल्यासारखं करते. चोच खाली जाते, दाणा जागच्या जागी राहतो. हे कळायला रोज जरा वेळ त्यांच्याकडे नुसतं बघत बसावं लागतं. मे महिन्यात मुंबईचे पाहुणे आलेले, ओटीवर पोरांचा धुडगूस, मागच्या पडवीत आमरस आटवायचं काम, अशात कोंबड्यांकडे बघायला कुणाला सवड असते?

आमच्या सासूबाईंना असते. गुडघ्यांमुळे त्यांचं फिरणं कमी झालंय, त्यामुळे मागच्या दारी पायरीवर बसून त्या खुराड्याचा सगळा कारभार नजरेनं चालवतात. त्यांनीच हाक मारली. "ठिपकी खुडूक झालीय वाटतं गो. सकाळपासून टोपलीतनं हलत नाही."

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून जरा आत. खुराड्यात गावठी कोंबड्या, एक माजोरडा कोंबडा आणि थोड्या गिरिराज. गिरिराज ही बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं परसातल्या पाळणुकीसाठी तयार केलेली जात. अंगानं भरलेली, रंगीत पिसांची, गावठीसारखीच मोकळी चरणारी. गावठी वर्षाला ६०-७० अंडी देते, गिरिराज खाणंपिणं नीट असेल तर १५०च्या आसपास जाते. ठिपकी त्यातली. अंड्यांना चोख, पण खुडूक बसण्याचा, म्हणजे अंडी उबवायला बसण्याचा, या जातीला फारसा नाद नसतो. त्यामुळे सासूबाईंचं म्हणणं ऐकूनच मला जरा शंका आली.

खुडूक कोंबडी ओळखायला अवघड नाही. ती टोपलीत चपटी होऊन बसते, हात नेला की पिसं फुलवते, घशातून खर्र करते आणि चोच मारते. दिवसातून एकदा उठून धावत जाते, भराभर खाते, पाणी पिते, घाण वासाचा भलामोठा गोळा टाकते आणि परत जागेवर. तिच्या बघण्यात जरब असते. ठिपकीच्या पाठीवर हात ठेवला तर तिनं मानही वळवली नाही.

थोड्या वेळानं ती आपणहून बाहेर आली आणि पेरूच्या सावलीत उभी राहिली. शेपटी एरवी वर असते, ती आता जमिनीकडे. पोट मागे लोंबलेलं, पाय फाकलेले. दिवस भरलेली बाई कमरेवर हात ठेवून उभी राहावी, तशी. मधूनच शेपटीचं बूड वरखाली व्हायचं, डोळे मिटून ती कुंथायची, आणि काहीच व्हायचं नाही. दोन पावलं टाकून परत तेच.

अंडं अडकलंय असं म्हणून मोकळं व्हायचा मोह अशा वेळी फार होतो. पण शेपटी पाडून मरगळलेली कोंबडी म्हणजे अडकलेलं अंडंच असं नसतं. बलक अंड्याच्या नळीत न जाता पोटात सांडला आणि तिथेच सडला तरी ती अशीच उभी राहते. पोटात पाणी झालं तरी तशीच. जंत असू शकतात, मानमोडीची, म्हणजे कोंबड्यांच्या जीवघेण्या साथीची, सुरुवात असू शकते. अंडं नसताना अंड्याचे उपचार करत बसलं तर खरा आजार तेवढ्या वेळात पुढे जातो.

पंचायत समितीत परसबागेतल्या कोंबडीपालनाचं प्रशिक्षण झालं होतं, तेव्हा तिथल्या सरांनी फळ्यावर कोंबडीच्या पोटातली नळी काढून दाखवली होती. बाकीचं बरंचसं विसरले, ती आकृती लक्षात राहिली. कोंबडीत डावीकडचाच बीजकोष आणि डावीकडचीच नळी कामाची असते, उजवी वाढतच नाही. सुटा झालेला बलक नळीच्या तोंडात पडतो, पुढे तीनेक तासांत त्याभोवती पांढरं जमतं, मग तास-सव्वा तासात पापुद्रे चढतात आणि शेवटचा लांबलचक मुक्काम कवच चढवणाऱ्या पिशवीत, १८ ते २० तास. सगळं मिळून २५-२६ तास. दिवस २४ तासांचा, म्हणून अंडं घालायची वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि मध्येच एखादा दिवस खाडा पडतो. एका कवचाला दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम लागतं. खाण्यातून तेवढं आलं नाही तर कोंबडी ते आपल्या हाडांतून काढते. आणि अंडं बाहेर ढकलणारे स्नायू, त्यांनाही आकसायला कॅल्शियमच लागतं. म्हणजे एकाच गोष्टीचा तुटवडा दोन ठिकाणी नडतो: कवच पातळ होतं आणि ढकलायची ताकद जाते.

हे आठवलं आणि आदल्या काही दिवसांतली ठिपकीची अंडी डोळ्यांसमोर आली. एकाचं कवच एका टोकाला खरखरीत होतं. एक तर टोपलीतच चेपलेलं सापडलं होतं आणि सासूबाईंनी ‘अंडं खायची चटक लागली’ म्हणून एका गरीब गावठीवर आळ घेतला होता.

ठिपकीला काखेत घेऊन पडवीत आणलं. आधी गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपली. दुपार उलटली तरी रिकामी, म्हणजे खाणं नाही. नाकातोंडातून स्राव नाही, घरघर नाही, मान सरळ, हिरवट हगवण नाही. बाकीच्या कोंबड्याही टणटणीत. मानमोडी बाजूला पडली. मागची पिसं ओली आणि पांढऱ्या पाण्यानं चिकटलेली, घट्ट विष्ठा कुठेच नाही. अंड्याची आणि विष्ठेची वाट शेवटी एकाच दाराशी येते, त्यामुळे अंडं आड आलं की विष्ठाही तुंबते. शेपटीखाली दोन बारीक हाडांची टोकं हाताला लागतात. अंड्यावरच्या कोंबडीत त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं मावतात, अंडी थांबली की जेमतेम एक. ठिपकीची जागा चांगली रुंद होती. म्हणजे अंड्यावर आहे. पण पोट बाहेरून हलक्या हातानं चाचपलं तर टणक गोळा काही लागेना. कवचाचं अंडं वाटेत असेल तर ते बहुतेक वेळा हाताला कळतं. इथे पोट नुसतं गरम आणि फुगीर.

इथे मी डॉक्टरांना फोन लावला. ते कुठल्याशा वाडीत गाभण गाईपाशी होते, मागून गाईचं हंबरणं ऐकू येत होतं. त्यांनी भराभर विचारलं: पाय नीट टाकते का, एखादा पाय ओढते का, तुरा कसा आहे, शेवटचं अंडं कधी दिलं. पायांचं का विचारलं ते मला नंतर समजलं. अडकलेल्या अंड्याचा दाब पायांच्या शिरांवर आला की कोंबडी लंगडते आणि मग बसतेच. ठिपकी चालत होती, तुरा मात्र फिकट पडला होता.

"मग आज रात्रीपर्यंत घरी बघू, वहिनी," ते म्हणाले. "कोमट पाण्यात बसवा, कॅल्शियम द्या, अंधारात ठेवा. पोट दाबायचं नाही, आत काही लागलं तर ओढायचं नाही आणि फोडायचं तर अजिबात नाही. पाय गेले किंवा आ वासून श्वास घ्यायला लागली तर वेळ न बघता घेऊन या. नाही तर सकाळी."

आता वैशाखात आमच्या सगळ्याच कोंबड्या दुपारी आ वासून असतात. तसं मी म्हटलं, तर ते हसले. "संध्याकाळी गार झाल्यावर बाकीच्यांच्या चोची मिटतात. हिची मिटते का बघा."

माळ्यावरचं जुनं घंगाळ काढलं. तळाला टॉवेल घातला, नाही तर तांब्यावर नख्या घसरतात आणि कोंबडी घाबरते. पाणी तान्ह्या बाळाला चालेल इतपत, कोपर बुडवून बघितलेलं. कोंबडीचं अंगच ४१-४२ अंशांचं, त्यामुळे आपल्याला कोमट वाटणारं पाणी तिला फारसं गरम लागत नाही, पण म्हणून कढत ओतायचं नाही. बघायला जमलेल्या पोरांना ह्यांनी आंबे धुवायच्या कामाला लावलं. ठिपकीनं आधी पंख आपटून मलाच न्हाऊ घातलं. पंखांवर दोन्ही तळवे ठेवून धरली तशी हळूहळू खाली बसली.

इथे एक बारकी गोष्ट आहे, तिच्यावरच निम्मं काम अवलंबून असतं. पिसांत हवा अडकलेली असते. कोंबडी पाण्यात ठेवली की ती तरंगते, आणि आपल्याला वाटतं तिला शेक मिळतोय. प्रत्यक्षात कातडी कोरडीच राहते. पोटाखाली हात घालून पिसं उलट्या बाजूनं बोटांनी विंचरली, तेव्हा बुडबुडे वर आले आणि पाणी आत शिरलं. त्या क्षणी तिच्या अंगातला ताठरपणा गेलेला हाताला कळला. कोंबडीची पापणी खालून वर मिटते. तिची तशी अर्धी मिटली, मान माझ्या मनगटावर टेकली. पाणी निवत आलं की एका बाजूनं, तिच्या अंगावर न पडेल असं, लोट्यानं गरम पाणी घालत राहिले. अर्धा तास तरी बसवलं असेल. दोनदा तिनं पाण्यातच कुंथून बघितलं.

मग नीट पुसली. मागची पिसं मुद्दाम कोरडी केली, कारण ओल्या, घाण पिसांवर माश्या बसतात आणि उन्हाळ्यात अळ्या पडायला वेळ लागत नाही. थंड देशांतल्या पुस्तकांत अशा कोंबडीला दिव्याखाली ऊब द्यायला सांगतात. पुण्या-नाशकात डिसेंबरात ते ठीक आहे. कोकणात मे महिन्यात, हवेत एवढा दमटपणा असताना आजारी कोंबडीच्या डोक्यावर दिवा लावणं म्हणजे तिला उष्म्यानं मारणं. माझ्या मते आपल्याकडे मार्च ते जून दिव्याचं नावही काढू नये.

कॅल्शियमचं पातळ औषध गाईसाठी आणलेलं घरात होतं. बाटलीवर काय लिहिलंय ते डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवलं, ठिपकीचं वजन सांगितलं, मग त्यांनी माप सांगितलं. तो आकडा इथे लिहीत नाही, कारण बाटलीगणिक औषधाची ताकद वेगळी असते. द्यायची रीत मात्र सांगते: चोच फाकवून घशात ओतायचं नाही. जिभेच्या मागेच श्वासाच्या नळीचं तोंड असतं, औषध तिथे गेलं तर फुप्फुसात उतरतं. ड्रॉपरनं चोचीच्या कडेला एक थेंब लावायचा, ती आपोआप चाटून गिळते, मग पुढचा. वेळ जातो, जाऊ द्यायचा.

अंडं आहे की नाही, हे एकदाच आणि हलक्या हातानं बघा, असं डॉक्टर म्हणाले होते. नखं कापली, हातमोजा घातला, बोटाला खोबरेल लावलं. ह्यांनी ठिपकीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरलं, तोंड काखेत. दाराशी बोट नुसतं टेकवून थांबले. स्नायू सैल पडेपर्यंत पुढे सरकायचं नाही. आत गेल्यावर अंड्याची वाट तिच्या डाव्या अंगाला. बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंतही जावं लागलं नाही. काहीतरी होतं. गुळगुळीत, ओलसर आणि मऊ. टेकलं की आत दबायचं, बोट मागे घेतलं की परत भरून यायचं. म्हणजे अंडं होतंच, फक्त कवचाशिवायचं. म्हणूनच बाहेरून हाताला लागत नव्हतं.

कवचाचं अंडं अडकलेलं बरं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. नळीचा स्नायू टणक वस्तूला मागून दाबून पुढे सरकवतो. मऊ अंडं दाबलं की आकार बदलतं, मध्ये चेपतं, दोन्हीकडे फुगतं आणि राहतं तिथेच. कोंबडी कुंथून कुंथून दमते.

संध्याकाळी बाकीच्यांच्या चोची मिटल्या, हिचीही मिटली. तेवढ्यावर जीव जरा भांड्यात पडला. तोवर ही बातमी वाडीभर झाली होती. दुधाचा रतीब घालणारे तात्या सल्ला घेऊनच आले. "पान्ह्याचं इंजेक्शन आहे माझ्याकडे. म्हशीला चालतं, मग कोंबडीला न चालायला काय झालं? थेंबभर टोचू."

तात्यांचा सल्ला अगदीच हवेतला नव्हता, आणि धोका तिथेच आहे. पान्ह्याचं म्हणून जे टोचतात ते ऑक्सिटोसिन. त्यानं गर्भाशय आकसतं, आणि पशुवैद्य कोंबडीचं अंडं सुटावं म्हणून कधीकधी ते खरंच वापरतात. पण वाट मोकळी आणि सैल आहे याची खात्री करून, वजनाला मोजून. अंडं चिकटून बसलेलं असेल, तिरकं असेल किंवा पुढची वाट आवळलेली असेल आणि मागून असा जोर लावला, तर नळी फाटते. म्हैस चारपाचशे किलोची, ठिपकी अडीच-तीन किलोची. त्यात हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायलाच बंदी आहे. तात्यांकडची बाटली कुठून आली, ती किती उन्हात राहिली, कुणाला माहीत? मी त्यांना चहा दिला आणि इंजेक्शन नको म्हटलं.

दुसरा पक्ष मुंबईकर दिरांचा. "वहिनी, एवढा खटाटोप कशाला? वाटण तयारच आहे." त्यातही वावगं काही नाही. आमच्या कोंबड्या शोभेच्या नाहीत, खुराड्यातून पातेल्यात गेलेल्या पुष्कळ आहेत. पण आजारी जनावर पाहुण्याच्या पानात वाढायचं नाही हा सासूबाईंचा जुना दंडक, आणि औषध पोटात गेलेली कोंबडी लगेच खाणं कुणाच्याच हिताचं नाही. दिरांना सुक्या बोंबलावर समजूत काढावी लागली.

रात्री कोठीच्या खोलीत खोक्यात टॉवेल घालून तिला ठेवलं. वर गोणपाट, पाण्याची वाटी जवळ. अंधार आणि शांतता हाही उपचारच आहे. अंडं घालताना कोंबडी आडोसा शोधते ते उगाच नाही. पाचजण वाकून बघत असतील तर ती अंडं धरून ठेवते.

सकाळी गोणपाट उचललं तर टॉवेल ओला झालेला आणि तिच्या मागच्या दाराशी काहीतरी बाहेर डोकावत होतं. पहिला प्रश्न: हा अंड्याचा पापुद्रा की तिचं स्वतःचं अंग? कुंथून कुंथून नळीचा भाग उलटा होऊन बाहेर येतो, आणि तो पापुद्रा समजून ओढला तर कोंबडी हातची जाते. अंग असेल तर लालभडक, ओलं, चमकणारं असतं. हे मळकट पांढरं होतं, सुरकुतलेलं, कडेला पिवळसर पाणी. पापुद्राच. तरीही मी हात लावला नाही. मिठाच्या उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेला स्वच्छ कपडा तिथे धरला आणि ह्यांना रिक्षा बोलवायला सांगितलं. मोटारसायकलवरून नेणं लवकर झालं असतं, पण आमच्या रस्त्यावरचे खड्डे बघता ते अंडं पोटातच फुटलं असतं. खोकं मांडीवर घेऊन तालुक्याला गेलो. जनावरांसाठी १९६२ हा सरकारी फोन नंबर आहे, त्यावर फिरतं पथकही येतं. आम्हाला रिक्षा दारातच मिळाली.

दवाखान्यात शेळ्या आणि कुत्री घेऊन आलेल्यांनी खोक्यातून कोंबडी निघालेली बघून करमणूक करून घेतली. डॉक्टरांनी मात्र तिला टेबलावर सरळ उभी धरायला लावलं. उताणी केली की पोटातल्या ओझ्यानं तिचा श्वास कोंडतो. दाराशी भरपूर जेल लावलं, पापुद्र्याचं टोक चिमट्यानं नुसतं धरलं आणि जाड सुईची पिचकारी त्यातून आत नेली. दट्ट्या मागे आला तसं बलक आणि पांढरं मिसळलेलं पाणी पिचकारीत चढलं. पिचकारी रिकामी करून परत. आतला फुगा बसत गेला तशी ठिपकीच्या पोटाची ताण पडलेली कातडीही सैल झाली, हे मी धरलेल्या हाताला जाणवलं. मग पापुद्रा ओढायची घाई नाही. ती कुंथली की चिमटा एक दोरा पुढे, ती थांबली की डॉक्टर थांबले. शेवटी सगळा पापुद्रा एकदम सुटून बाहेर आला. तो त्यांनी ट्रेमध्ये पाणी घालून पसरला आणि सगळीकडून बघितला. तुकडा आत राहिला तर सडतो, म्हणून. नंतर मागे आणखी एखादं अंडं अडून बसलंय का ते बोटानं तपासलं, कोमट सलाइननं आतून धुतलं, कॅल्शियमचं आणि वेदनेचं इंजेक्शन दिलं आणि जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून घरी द्यायला औषध. या औषधाच्या काळातली आणि त्यानंतर त्यांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंतची अंडी खायची नाहीत, विकायची तर नाहीतच.

औषधं लिहिताना त्यांनी खाण्याचं विचारलं, आणि तिथे सगळा उलगडा झाला. घरात आम्ही कोंबड्यांना लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, ठेवतो. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, अंड्यावरच्या कोंबडीला लागतं तेवढं. पण मे महिन्यात चाकरमानी आले की खुराड्याचा दाणापाणी बदलतो. उरलेला भात, पोळ्या, फरसाण, आणि पोरांच्या हातची बिस्किटं. कोंबडी आवडीचं आधी खाते. तांदळात आणि मक्यात कॅल्शियम नावालाच. पोट त्यानं भरलं की मॅश तसाच राहतो. वरून उष्मा. धापा टाकताना श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, आणि कवच ज्या कॅल्शियम कार्बोनेटचं बनतं त्यातलं कार्बोनेट रक्तात कमी पडतं. शिवाय उन्हात खाणंही घटतं. त्यात ठिपकी अंगानं जड, बिस्किटांनी आणखी जड झालेली. पोटातल्या चरबीनं वाट आधीच अरुंद.

औषधापेक्षा आता हेच सांभाळायचं होतं. तिसऱ्यांच्या शिंपल्या आमच्याकडे उकिरड्यावर जायच्या, त्या आता धुऊन, चुलीवर भाजून, पाट्यावर भरड कुटून ठेवतो. पीठ करायचं नाही. भरड तुकडे पोटातल्या दळणाच्या पिशवीत रात्रभर राहतात आणि हळूहळू विरघळतात. कवच नेमकं रात्री चढतं, तेव्हा कोंबडी झोपलेली असते आणि खाणं बंद असतं. म्हणून शिंपल्या संध्याकाळी, वेगळ्या भांड्यात. ज्या कोंबडीला हव्या असतात ती खाते, कोंबडा ढुंकूनही बघत नाही. पिल्लांना आणि तलंगांना, म्हणजे तरण्या कोंबड्यांना, मात्र अंड्यावर यायच्या आधी हे किंवा लेअर मॅश देऊ नये, जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना बाधतं. उन्हाळ्यात मॅश पहाटे आणि उन्हं उतरल्यावर ठेवायचा, पाणी माठातलं आणि सावलीत. पोरांना बिस्किटांऐवजी शेवग्याचा पाला दिला. तो फेकण्यातही त्यांना तेवढीच मजा आली.

ठिपकीला काही दिवस डालग्याखाली एकटी ठेवली. एक तर मागचं दार सुजलेलं आणि लाल, आणि कोंबड्यांना लाल दिसलं की त्या टोचतात. दुसरं, नळीला विश्रांती हवी होती. अंड्यांचं चक्र उजेडावर चालतं, म्हणून दुपार कलली की डालग्यावर गोणपाट टाकून तिचा दिवस आखूड करत होतो. हवा खेळती राहील एवढी फट ठेवून. सासूबाईंना हे पटलं नाही. "कोंबडीला संध्याकाळ व्हायच्या आधी झोपवायची, हे कुठलं शास्त्र?" म्हणून त्या मी नसताना गोणपाट काढायच्या. तरी अंडी थांबली. तुरा लाल व्हायला पावसाची सुरुवात उजाडली. त्यानंतरचं पहिलं अंडं वेडंवाकडं, एका बाजूला दुमडलेलं होतं, पण कवच होतं.

एकदा असं झालेल्या कोंबडीला परत होऊ शकतं, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवलंय. ती आता पूर्वीएवढी अंडी देत नाही आणि मला त्याची खंत नाही. रिक्षा, औषधं आणि खोकं धरून जो खर्च झाला त्यात नवी गिरिराज आली असती, हे दिरांनी हिशेब मांडून दाखवलं. हिशेब बरोबर आहे.

या प्रकरणापासून वाडीतल्या बायका कोंबडी जरा बसली की मलाच विचारायला येतात, जणू मी डॉक्टर. बहुतेक वेळा ती खुडूकच असते आणि मी तिच्याखाली उबवायला अंडी घाला म्हणून सांगून मोकळी होते. गेल्या थंडीत पलीकडच्या आळीतली एक मुलगी धावत आली, "काकी, आमच्या कोंबडीचं अंडं अडकलंय, घंगाळ द्या." जाऊन बघितलं तर कोंबडी शेपटी पाडून होती खरी, पण हगवण हिरवी, आणि शेजारची दुसरी मान वाकडी करून गोल फिरत होती. घंगाळ दिलं नाही. आजारी कोंबड्या वेगळ्या करायला लावल्या, आमच्या खुराड्याकडे जायच्या आधी हातपाय आणि चपला धुतल्या, आणि तिथूनच दवाखान्यात फोन केला. मानमोडीवर औषध नाही, लसच आहे: पिल्लं आठवड्याची व्हायच्या आत लासोटाचा थेंब डोळ्यात आणि पुढे सहा-आठ आठवड्यांची झाली की पंखाखाली आर टू बीची सुई. त्यांच्या कोंबड्यांना यातलं काहीच झालेलं नव्हतं. आम्ही आमच्यांची नोंद वही काढून तपासली, तर दोन तलंगांची दुसरी लस राहिलेली निघाली. दवाखान्यात लसीची कुपी १०० कोंबड्यांची येते, म्हणून आता आळीतली सगळी घरं एकाच दिवशी टोचून घेतात.